निवडणुकीच्या दिवसांत नातवंडांशी बोलताना

निवडणूक जाहीर झाली की शाळाही तिच्यापासून अलिप्त राहत नाही. शिक्षकांना निवडणुकीचे काम लागते, वर्गखोल्यांची मतदान केंद्रे होतात आणि मधल्या सुट्टीत डब्यांभोवती पक्षांच्या गोष्टी रंगतात. मुलांना मताधिकार नसला, तरी मतभेदाची झळ त्यांनाही लागते. एका बाकावरचे दोन मित्र एखाद्या टोमण्याने दुरावतात.

तो टोमणा पुष्कळदा घरातून गेलेला असतो. दूरचित्रवाणीसमोर बसून आपण एखाद्या नेत्यावर टीका करतो, ती मूल विसरूनही जाईल. परंतु त्या नेत्याला मत देणाऱ्यांना आपण मूर्ख म्हटले, तर ते त्याच्या मनात राहते. त्या मतदारांत त्याच्या मित्राचे आईवडील असू शकतात. म्हणून आजी-आजोबांनो, टीका धोरणावर असावी, माणसांवर नसावी.

आपल्याजवळ अनुभवाचा मोठा ठेवा आहे. आणीबाणीनंतरची १९७७ची निवडणूक आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हा मतदानासाठी एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. १९८९मध्ये एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ही अट अठरावर आली. हे नातवंडांना सांगावे. भिन्न मतांचे शेजारी एकमेकांच्या अडीअडचणीला कसे धावत, हेही सांगावे. राजकारणापायी एखादा स्नेही कायमचा दुरावला असेल, तर तेही लपवू नये.

मूल शाळेतून भांडून आले, तर ‘तो कोणाच्या बाजूचा?’ असे विचारू नका. आधी त्याचे सारे ऐकून घ्या. मग ‘त्याला तसे का वाटत असेल?’ असे विचारा. ‘मला तसे वाटत नाही, पण तुझे म्हणणे सांग’ हे वाक्य घरात बोलून दाखवले, तर वर्गातही सुचते. ‘तुमच्या घरचे मत कोणाला?’ या प्रश्नाला उत्तर देणे बंधनकारक नाही. मतदान गुप्त असते, हे मुलाला ठाऊक असावे. जातीवरून वा धर्मावरून कोणी हिणवले, तर मात्र तो मतभेद नव्हे. वर्गशिक्षकांना अवश्य भेटावे. प्रचारात मुलांचा वापर करण्यास निवडणूक आयोगाने मनाई केली आहे, तेव्हा हौसेनेही नातवाच्या हाती झेंडा देऊन त्याला फेरीत नेऊ नये.

सकाळी पोट दुखणे, शाळेला जाण्यास टाळाटाळ, झोप उडणे ही मनावरील ताणाची लक्षणे असू शकतात. ती टिकून राहिल्यास डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. झोपण्यापूर्वी तासभर बातम्या बंद ठेवल्यास मुलाला आणि रक्तदाब असलेल्या आजोबांनाही बरे.

निकालानंतर त्याच वर्गात तीच मुले पुन्हा शेजारी बसणार आहेत. आपली बाजू जिंकली तर मित्राला डिवचू नये, हरली तर अबोला धरू नये, एवढे त्या सकाळी दप्तर भरताना आपण नातवंडांना आवर्जून सांगावे.