सौंदर्य व स्वास्थ्योपचार क्षेत्रातील व्यवसाय-प्रशिक्षण : तास, प्रमाणपत्र आणि नकाराचे ज्ञान

बीजसंज्ञा : सौंदर्योपचार, कौशल्य शिक्षण, स्त्रियांचा स्वयंरोजगार, व्यावसायिक नीती, वर्ज्यावर्ज्य विचार

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत अनेक महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकेत ब्युटी पार्लर प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हमखास आढळतो. कोठे महिला विकास कक्षामार्फत दहा दिवसांची कार्यशाळा घेतली जाते, तर कोठे तोच विषय तीन महिन्यांचा अ‍ॅड-ऑन कोर्स म्हणून चालविला जातो. नॅकच्या अहवालात त्याची छायाचित्रे समाविष्ट होतात, स्थानिक वृत्तपत्रात 'विद्यार्थिनी स्वावलंबनाच्या वाटेवर' अशा मथळ्याची बातमी येते, आणि विद्यार्थिनींनाही हा अभ्यासक्रम मनापासून आवडतो. प्रस्तुत लेखिकेने अशाच एका अभ्यासक्रमाची समन्वयक म्हणून काम पाहिले आहे. त्या अनुभवातून निर्माण झालेली अस्वस्थता हीच या लेखामागील प्रेरणा होय.

अभ्यासक्रम पूर्ण केलेली एक विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी एका पार्लरमध्ये काम करू लागली. ऐन लगीनसराईत एक मध्यमवयीन ग्राहक स्त्री केसांना रंग लावून घेण्यासाठी आली. विद्यार्थिनीने कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस वाट पाहावी असे सुचविले. तेव्हा पार्लरचालक बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितले की, परवा हळद आहे, आज परत पाठवले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. रंग लावला गेला. दुसऱ्या दिवशी त्या स्त्रीचे कपाळ व पापण्या सुजल्या आणि तिला दवाखान्यात न्यावे लागले. ही हकिकत सांगताना विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मला माहीत होतं. पण नाही कसं म्हणायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं." आमच्या पंचेचाळीस तासांच्या अभ्यासक्रमात त्वचेवरील पूर्वचाचणीला एक ओळ होती. नकार कसा द्यावा याला तीही नव्हती.

सौंदर्य व स्वास्थ्योपचाराचे प्रशिक्षण म्हणजे काय, ते कोणकोणत्या मार्गांनी मिळते आणि त्याचा गाभा कोणता मानावा, याचे विवेचन या प्रश्नाच्या अनुषंगाने येथे केले आहे.

क्षेत्राचे स्वरूप

'ब्युटिशियन' या एकाच शब्दात आपल्याकडे अनेक कामे कोंबली जातात. थ्रेडिंग, वॅक्सिंग व फेशियल करणारी, केशरचना करणारी, वधूची रंगभूषा करणारी, नखांची निगा राखणारी आणि स्पामध्ये अभ्यंग वा मसाज करणारी, या वस्तुतः निरनिराळ्या कौशल्यांच्या व्यक्ती आहेत. 'थेरपिस्ट' हा शब्द आला की त्यात आणखी एक जबाबदारी येते. समोरील व्यक्तीच्या शरीराची अवस्था जाणून त्यानुसार उपचार ठरविणे हे थेरपिस्टकडून अपेक्षित असते. त्वचारोगतज्ज्ञाचे क्षेत्र जेथे सुरू होते तेथे तिने थांबावयाचे असते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया व केशरोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. असे उपचार नोंदणीकृत व प्रशिक्षित वैद्यक व्यावसायिकांनीच करावेत, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत नमूद करावे लागले, यावरून ही सीमारेषा व्यवहारात किती पुसट झाली होती याची कल्पना येते.

उदारीकरणानंतरच्या काळात, विशेषतः १९९४ मध्ये सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांनी विश्वसौंदर्य स्पर्धा जिंकल्यानंतर, या व्यवसायाचे आकर्षण वाढले हे सर्वश्रुत आहे. परंतु महाराष्ट्रात या व्यवसायाला जात व लिंगभाव यांचाही इतिहास आहे. केशकर्तन हे परंपरेने नाभिक समाजाचे, पुरुषांचे काम. ब्युटी पार्लर मात्र सर्व जातींतील स्त्रियांनी घरातील एका खोलीत, आरसा व खुर्ची मांडून सुरू केले. तरीही चित्रपटसृष्टीत स्त्रीला केशभूषाकार होता येई, रंगभूषाकार नव्हे. मुंबईतील संबंधित संघटनेचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी चारू खुराना विरुद्ध भारत सरकार या खटल्यात रद्द ठरविला. विद्यार्थिनींना हा निकाल सांगितला की त्या प्रथम हसतात आणि मग गंभीर होतात, असा लेखिकेचा वर्गातील अनुभव आहे.

प्रशिक्षणाचे मार्ग

औपचारिक मार्गांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे स्थान महत्त्वाचे आहे. पूर्वी 'हेअर अँड स्किन केअर' या नावाने असलेला व्यवसाय पुढे 'बेसिक कॉस्मेटॉलॉजी' व अलीकडे 'कॉस्मेटॉलॉजी' या नावाने शिकविला जातो. दहावी उत्तीर्ण उमेदवारास त्यास प्रवेश मिळतो व कालावधी एक वर्षाचा असतो. २०२२ च्या रचनेनुसार एका वर्षात सुमारे १२०० तासांचे प्रशिक्षण होते व त्यांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे असतात. शालेय स्तरावर 'ब्युटी अँड वेलनेस' हा व्यवसाय विषय म्हणून उपलब्ध आहे. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट, हेअर ड्रेसर अशा भूमिकांची व्यवसायमानके ठरविली असून २०१५ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील अल्पमुदतीची प्रशिक्षणे त्यांवर आधारलेली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बी.व्होक. योजनेत कौशल्य घटक ६० टक्के व सामान्य शिक्षण ४० टक्के अशी विभागणी करण्यात आली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९४६ मध्ये स्थापन झालेल्या सिडेस्को या संस्थेची पदविका प्रतिष्ठेची मानली जाते व तिच्या नियमित अभ्यासक्रमासाठीही १२०० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित असते. अमेरिकेत सर्व राज्यांत कॉस्मेटॉलॉजीसाठी परवाना आवश्यक असून अनेक राज्यांत त्यापूर्वी १००० ते १५०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. (इतके तास खरोखर सुरक्षिततेसाठी असतात की प्रशिक्षण संस्थांच्या शुल्कासाठी, असा वाद तेथेही आहे.) आपल्याकडे पार्लर सुरू करण्यासाठी अशा व्यावसायिक परवान्याची अट नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनेने केवळ सूचना देणे पुरेसे असते. एक वर्ष शिकलेली आणि दहा दिवस शिकलेली, दोघींच्या दुकानांवरील पाटी सारखीच असू शकते. अशा स्थितीत प्रमाणपत्र देणाऱ्या महाविद्यालयाची जबाबदारी वाढते, कारण ग्राहकाला भिंतीवर दिसणारी हमी तीच एक असते.

वर्ज्यावर्ज्याचे ज्ञान

पार्लरमधील कृती पाहून शिकता येतात. दोरा कसा धरावा, मेणाची पट्टी केसांच्या कोणत्या दिशेने ओढावी, हे हाताला सवयीने येते. ती कृती कोणावर करू नये हे मात्र पाहून कळत नाही. त्यासाठी त्वचेची रचना, रसायनांचे गुणधर्म व रोगांची प्राथमिक ओळख लागते.

केशरंगाचे उदाहरण घेऊ. टिकाऊ गडद रंगांत पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे 'पीपीडी', हे द्रव्य बहुधा असते. काही व्यक्तींच्या शरीरात त्याविषयी अतिसंवेदनशीलता निर्माण होते. ती पहिल्याच वेळी दिसेल असे नाही. अनेक वर्षे तोच रंग लावणाऱ्या स्त्रीलाही एके दिवशी सूज येऊ शकते. जत्रेत वा पर्यटनस्थळी काढली जाणारी तथाकथित 'काळी मेंदी' हीही पुष्कळदा याच द्रव्याने काळी केलेली असते आणि तिच्यामुळे शरीर आधीच संवेदनशील झालेले असू शकते. म्हणून कानामागे वा कोपराच्या आतील बाजूस ४८ तास आधी 'पॅच टेस्ट' करावयाची, आणि तत्पूर्वी काळ्या मेंदीविषयी विचारावयाचे. हा प्रश्न विचारणारे पार्लर लेखिकेला अद्याप भेटलेले नाही.

वॅक्सिंगचेही तसेच आहे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या वा रेटिनॉइड मलम लावणाऱ्या मुलीची त्वचा नाजूक झालेली असते व मेणाबरोबर तिचा वरचा थर निघून येऊ शकतो. मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्यास पेडिक्युअरमधील लहानशी जखम गंभीर ठरते. पायाच्या नीलेत रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल तर तेथे मसाज करणे धोक्याचे असते. केस धुताना बेसिनच्या कडेवर मान फार मागे झुकविल्याने मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा येऊ शकतो. अशा पाच रुग्णांची नोंद १९९३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 'ब्युटी पार्लर स्ट्रोक' या नावाने झाली. असा प्रकार विरळा आहे, पण मानेखाली घडी घातलेला टॉवेल ठेवण्यास काही खर्च येत नाही.

हा विचार परका नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगाचे गुण सांगितले आहेत, आणि तेथेच कफाने ग्रस्त असलेल्याने, नुकतीच शोधनक्रिया झालेल्याने व अजीर्ण झालेल्याने तो करू नये असेही सांगितले आहे. 'आयुर्वेदिक' अशी पाटी लावणाऱ्या आजच्या स्पांनी गुण तेवढे उचलले, वर्ज्य मागे ठेवले.

निर्जंतुकीकरणाबाबतही भाबडेपणा दिसतो. अतिनील किरणांची निळी पेटी पाहून ग्राहक आश्वस्त होतो. ती स्वच्छ केलेली हत्यारे जपून ठेवण्यास उपयोगी असली, तरी ऑटोक्लेव्हची जागा ती घेऊ शकत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये सुमारे १२१ अंश सेल्सिअसला, पंधरा पौंड दाबाखाली, पंधरा मिनिटे ठेवल्याने जे साधते ते या पेटीत साधत नाही. रक्ताशी संपर्क येणाऱ्या पात्यांमुळे कावीळ 'ब' व 'क' यांचा संसर्ग होऊ शकतो, हे विद्यार्थिनींना विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांनी शिकविणे अधिक योग्य ठरेल.

सर्वांत चिंतेची बाब गोरेपणाच्या क्रीमची आहे. २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार अकोला येथील एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार झाला व तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. लेबल नसलेल्या डबीतून विकली जाणारी स्टेरॉइडमिश्रित मलमेही सर्रास आढळतात. अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत आणली गेली, तरी पार्लरच्या फळीवरून ती हटलेली नाहीत. 'ताई, आठ दिवसांत उजळ दिसेन असं काही द्या ना', या विनवणीला विद्यार्थिनीने काय उत्तर द्यावयाचे, हा आमच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न असावयास हवा.

या व्यवसायात धोका ग्राहकापुरता मर्यादित नाही. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून तापविल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ बाहेर पडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या द्रव्याचा समावेश मानवी कर्करोगकारकांत केला. ग्राहक स्त्री ती वाफ वर्षातून एकदा घेते, बंद वातानुकूलित खोलीत काम करणारी मुलगी ती रोज घेते.

नकाराचा अधिकार

ज्ञान असूनही नकार देता येत नाही, याचे कारण आर्थिक आहे. टक्केवारीवर काम करणाऱ्या मुलीला ग्राहक परत पाठविणे म्हणजे स्वतःची मिळकत परत पाठविणे असते. कोविडकाळात, २८ जून २०२० पासून महाराष्ट्रात पार्लर उघडण्यास परवानगी मिळाली तेव्हा केशकर्तन, केशरंग, वॅक्सिंग व थ्रेडिंग यांना मुभा होती, त्वचेवरील उपचारांना नव्हती. त्या काळात फेशियलला नकार देणे सोपे होते, कारण नकार शासनाचा होता. एरवी तो एकट्या मुलीला द्यावा लागतो.

तो एकत्रितपणे दिला गेल्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. आपल्या वस्तऱ्याने काय करावयाचे नाही हे त्या कारागिरांनी ठरविले. सौंदर्योपचाराच्या पाठ्यक्रमांत व्यवसायाचा इतिहास म्हणून क्लिओपात्रा असते, लोखंडे नसतात.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार ३० तासांचे एक क्रेडिट मानले जाते. म्हणजे दोन क्रेडिटच्या कौशल्य विषयात आपल्या हाती साठ तास येतात. त्यांत बाराशे तासांची ब्युटी थेरपिस्ट घडविता येणार नाही, आणि तसे भासविणे ही विद्यार्थिनीची व तिच्या ग्राहकाची फसवणूक आहे. प्रमाणपत्रावर 'प्राथमिक परिचय' असे शब्द छापण्यास आपण कचरू नये. उरलेल्या तासांत वीस प्रकारच्या केशरचना दाखविण्यापेक्षा थोड्या कृती, त्यांची वर्ज्ये आणि पुढील औपचारिक प्रशिक्षणाची माहिती देणे लेखिकेस अधिक प्रामाणिक वाटते. याने प्रवेशसंख्या घटेल, ही सहकाऱ्यांची भीती निराधार नाही.

आमच्या अभ्यासक्रमात चालू वर्षी तीन बदल केले. पहिले प्रात्यक्षिक आता हत्याराविना होते. विद्यार्थिनी एकमेकींना चालू औषधे, अ‍ॅलर्जी, गर्भावस्था, मधुमेह व काळी मेंदी यांविषयी विचारून ग्राहकपत्रिका भरतात. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकीपुढे तीन काल्पनिक ग्राहक ठेवले जातात. त्यांपैकी एकीला परत पाठविणे अपेक्षित असते, आणि ते कोणत्या शब्दांत पाठविले याला गुण असतात. तिसरा बदल केशरंगाच्या पूर्वचाचणीचा. त्यासाठी गुरुवारी व शनिवारी त्याच वेळी तासिका हवी, मध्ये ४८ तास सुटावेत म्हणून. वेळापत्रक समितीने गुरुवार मंजूर केला आहे, शनिवारचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.