कल्हईचा धातू, टनांचा भार

लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीत उतरतं, पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतं आणि पाताळगंगेला मिळतं. टाटांचं हे वीजघर १९१५ सालचं. कर्जतकडचं भिवपुरीचं १९२२चं. त्याचं पाणी उल्हास नदीत जातं. धरणांचं, नळांचं कौतुक सगळेच करतात. मला कुतूहल त्या काळच्या अशा यंत्रांच्या बेअरिंगमधल्या अस्तराचं. टनावारी भार अंगावर घेणारा हा धातू चाकूनं खरवडता येतो!

वर्कशॉपात त्याला व्हाइट मेटल म्हणतात, नाहीतर बॅबिट. अशा अस्तराच्या बेअरिंगचं पेटंट अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिटनं १८३९ साली घेतलं. जड यंत्रांसाठी शंभरात नव्वदीच्या आसपास कथील, उरलेलं अँटिमनी आणि तांबं. म्हणजे आजीच्या पातेल्यांना कल्हई व्हायची, तोच धातू.

फिरता शाफ्ट तेलाची पातळ साय स्वतःखाली ओढून तिच्यावर तरंगतो. सुरू होताना आणि थांबताना मात्र ती साय मोडते आणि शाफ्ट अस्तरावरच टेकतो. तेलातून आलेला कण मऊ कथलात रुतून बसतो, पोलादाला ओरखडा पडत नाही. तेलच तुटलं तर २४० अंशांच्या पुढे अस्तर वितळू लागतं. महागडा शाफ्ट बहुधा वाचतो. घाट चढायला मागून बँकर इंजिन लावून घेण्यासाठी कर्जतला थांबणाऱ्या जुन्या मालगाड्यांच्या चाकांपाशीही व्हाइट मेटलचं अस्तर असे. तेलात भिजवलेलं सूत कोरडं पडलं की ‘हॉट अ‍ॅक्सल’. म्हणून गाडी थांबली की तपासनीस डब्याडब्याशी वाकून हात लावून बघत.

झिजलेलं अस्तर पुन्हा ओतता येतं. जुना धातू वितळवून काढायचा, अस्तराबाहेरचा शेल, म्हणजे कवच, घासून लख्ख करायचा, मग त्याला चक्क कल्हई करायची. ती नीट बसली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया. शाफ्टच्या जागी ठेवलेल्या मधल्या गाभ्याला काजळी धरायची, म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. शेल तापवून एका दमात ओतायचं, हात थांबला की थर पडलाच. थंड झाल्यावर शेल दोरीला टांगून हातोडीनं हलकेच ठोकायचा. घंटेसारखा वाजला तर अस्तर धरलंय. बद्द वाजला तर पुन्हा भट्टी पेटवायची.

कातकाम झालं की शाफ्टला निळा रंग चोळून तो बेअरिंगमध्ये फिरवतात. अस्तरावर निळे ठिपके उमटतात, तेवढेच उंचवटे स्क्रेपरनं खरवडायचे. पुन्हा निळा, पुन्हा स्क्रेपर. ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत.