तीन बोटं, एक टॉर्च आणि थोडं व्हिनेगर

मागच्या गॅदरिंगच्या वेळेस आमच्या विंगमध्ये पाणीपुरीची पैज लागली होती. जो सगळ्यात जास्त खाईल त्याचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे, एवढाच नियम. माझा रूममेट खाण्याच्या बाबतीत कोणाला ऐकणारा नाही. पण त्या दिवशी तो प्रत्येक पुरी प्लेटमध्ये फोडून चमच्याने खात होता. पोरांनी त्याची खूप खेचली. "अबे, म्हाताऱ्यावानी काय खाऊन रायला बे? अख्खी टाक ना तोंडात!" तो हसत म्हणाला, "जात नाही ना बे." आम्हाला वाटलं, हरला म्हणून बहाणे करतोय. पैज तिथेच संपली.

नंतर एकेक गोष्ट आठवायला लागली. मेसची भाजी त्याला हल्ली फार तिखट लागायची, म्हणून तो रोज दही विकत आणायचा. आपल्या मेसची भाजी आणि तिखट! जी भाजी फर्स्ट इयरची मुलं वरून चटणी घालून खातात ती. आणि फर्स्ट इयरपासून त्याचे दिवसाला तीन-चार खर्रे ठरलेले. सबमिशनच्या आठवड्यात जास्त. (हे सगळं त्याला विचारूनच लिहितोय. नाव छापायचं नाही, एवढीच त्याची अट आहे.)

विदर्भाबाहेरून आलेल्या सरांसाठी आणि मॅडमसाठी सांगतो. खर्रा म्हणजे बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. पानठेल्यावर हे सगळं पन्नीत घालून घोटतात आणि पुडी बांधून देतात. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात मावा म्हणतात, तो याचाच भाऊ. आपला वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावामुळे १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा. राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण कॉलेजच्या गेटपासून पहिल्या पानठेल्यापर्यंत चालत जायला किती मिनिटं लागतात, ते हॉस्टेलवाल्यांना मी सांगायची गरज नाही.

गॅदरिंगनंतरच्या रविवारी सावंगीला डेंटलला शिकणारा शाळेतला एक मित्र रूमवर आला होता. त्याने सहज सांगितलं की आपली तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. आम्ही सगळ्यांनी करून बघितलं. माझी बसली. रूममेटची दोन बोटं कशीबशी गेली. मी मेकॅनिकलचा असल्यामुळे लगेच व्हर्नियर काढला (तोंडात नाही, बोटांवर लावला). माझी तीन बोटं मिळून ४८ मिलिमीटर भरली, त्याची दोन बोटं ३१. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं. मित्राने मोबाईलचा टॉर्च लावून त्याच्या गालाच्या आत पाहिलं आणि गप्पच झाला. मग म्हणाला, "उद्या ओपीडीला ये."

या आजाराचं इंग्रजी नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे गालाच्या अस्तराखालच्या पेशी कोलॅजन नावाचे तंतू जास्त बनवायला लागतात. सुपारीत तांबंही बरंच असतं. ते एका एन्झाइमला जोर देतं आणि ते एन्झाइम हे तंतू एकमेकांना जोडत सुटतं. मटेरियल सायन्समध्ये आपण व्हल्कनायझेशन शिकलो आहोत. मऊ रबरात गंधक घातलं की साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रबर कडक होतं. गालाचं जवळपास तेच होतं. शरीराला हे जोड सहज तोडता येत नाहीत. गाल पांढरट पडतो, आत दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात, तिखट झोंबतं आणि तोंड हळूहळू मिटत जातं. खर्रा सोडला की हे पुढे जाणं मंदावतं, पण गेलेले मिलिमीटर आपोआप परत येत नाहीत. असा आजार झालेल्यांपैकी सगळ्यांना कॅन्सर होत नाही. पण अशा गालात तो होण्याची शक्यता साध्या गालापेक्षा बरीच जास्त असते.

चुन्याचं कामही समजून घ्या. चुना अल्कली आहे. त्यामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालातून पटकन रक्तात जातं. म्हणजे किक लवकर बसते. आणि "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी, तीही जुनीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करते असं २००४ मध्येच जाहीर केलं. यात गोड सुपारीही आली.

आता सरकार यात काय करतं ते बघू. मधुमेह, कॅन्सर वगैरेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये देशातल्या शंभर जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात वर्धा होतं. आता तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी गावपातळीवर व्हावी, अशी योजना आहे. आशाताई घरोघरी जाऊन एक फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात न भरणारा फोड आहे का, असे प्रश्न त्यात असतात.

हा फॉर्म मला कसा माहीत? आमच्या मेसच्या एक मावशी जवळच्या गावातून येतात. त्यांना तपासणीला बोलावलं होतं, तो कागद त्यांनी मला वाचायला दिला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. "गर्भाशयमुख" हा शब्द मी अडखळत वाचला, मावशी लाजल्या, मी त्यांच्याहून जास्त लाजलो. शेवटी त्या म्हणाल्या, "मले काई होऊनच नाई रायलं, तं कायले दाखवू?"

हाच प्रश्न मोठमोठ्या घरातले लोकही विचारतात, फक्त वेगळ्या भाषेत. स्क्रीनिंग हे काही होत नसलेल्यांसाठीच असतं. कारखान्यात बेअरिंग तुटल्यावर ते बदलतात, त्याला दुरुस्ती म्हणतात. लाइनवरून जाणारं प्रत्येक बेअरिंग गेज लावून बघतात, ते इन्स्पेक्शन. आपल्याकडे दवाखाना म्हणजे दुरुस्तीच. न दुखता दवाखान्यात जाणं म्हणजे पैसे आणि दिवसाची मजुरी वाया, असा हिशेब असतो, आणि मावशींच्या पगारात तो चुकीचाही म्हणता येत नाही.

पण अशी तपासणी करून माणसं खरंच वाचतात का? मला वाटायचं, लवकर कळलं म्हणजे वाचलाच. इथे एक गंमत आहे. समजा एक माणूस काहीही केलं तरी ५५ व्या वर्षी जाणार आहे. कॅन्सर ५४ व्या वर्षी सापडला तर आपण म्हणू, एकच वर्ष जगला. ५० व्या वर्षी सापडला तर म्हणू, वा, पाच वर्षं काढली! प्रत्यक्षात त्याचं आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. म्हणून किती वर्षं जगले हे मोजून चालत नाही. चिठ्ठ्या टाकून गावांचे दोन गट करायचे, एका गटात तपासणी करायची आणि काही वर्षांनी दोन्हीकडचे मृत्यू मोजायचे. काम कंटाळवाणं आणि खर्चिक, पण खरं उत्तर त्यातूनच मिळतं.

हे काम आपल्याच देशात झालं आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायतींमध्ये १९९६ पासून ३५ वर्षांवरच्या जवळपास दोन लाख लोकांवर असा अभ्यास झाला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन उजेडात तोंड बघायचे, इतकंच. २००५ मध्ये निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. व्यसन नसलेल्यांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे टॉर्च कुणाच्या तोंडात मारायचा, तेही कळलं.

दुसरा अभ्यास आपल्या मराठवाड्यातला. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगरची तपासणी, आणि एका गटात नेहमीची व्यवस्था. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

व्हिनेगर म्हणजे तेच, चायनीजच्या गाडीवर असतं ते, तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड. गर्भाशयमुखाला लावून एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात. ती ॲसिडने साकळतात आणि तो भाग पांढरा दिसतो. लॅब नको, रिपोर्टची वाट बघणं नको. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या टीमने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन हेच केलं, दर दोन वर्षांनी, चार वेळा. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादमध्ये मात्र व्हिनेगरची तपासणी एकदाच झाली होती आणि तिने मृत्यूंत म्हणावा तसा फरक पडला नव्हता. एकदा कॅम्प घेऊन, फोटो काढून मोकळं होण्यात अर्थ का नाही, ते यावरून कळतं.

या अभ्यासांवर पुढे वादही झाला. ज्या गटाला तपासणी दिलीच नाही, त्यातल्या मेलेल्या बायकांचं काय? बाकीच्या देशाला तरी तेव्हा कुठे तपासणी मिळत होती, असं उत्तर दिलं गेलं. ते उत्तर मला पटतं, आणि वाचून बरंही वाटत नाही.

एवढं सिद्ध झाल्यावर आज किती जणांची तपासणी होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेल्या बायका ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के. हे आकडे मी दोनदा तपासले, मला वाटलं दशांश चिन्ह चुकलं. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूरविरहित तंबाखू खाणारे मोठ्या माणसांपैकी २४.४ टक्के होते. एका बाजूला शंभरात चोवीस खाणारे आणि दुसऱ्या बाजूला शंभरात एकाचं तोंड तपासलेलं.

बरं, ही तपासणी सुरू होते तिसाव्या वर्षी. माझा रूममेट वीसचा आहे, आणि त्याचं तोंड ३१ मिलिमीटरवर आलं आहे. कोणतीही आशाताई फॉर्म घेऊन बॉईज हॉस्टेलला येणार नाही, कारण त्या यादीत आपण बसतच नाही. तिशीचा नियम सगळ्या देशासाठी सरासरी काढून ठरवलेला आहे. विदर्भातला खर्रा अठराव्या वर्षी सुरू होतो, हे त्या सरासरीत दिसत नाही.

म्हणून बघायचं कसं ते सांगतो. दिवसा खिडकीपाशी किंवा टॉर्च लावून आरशासमोर उभं राहायचं. आधी तीन बोटं. मग दोन्ही गाल आतून, ओठांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि टाळू. खर्रा ज्या गालात धरता तो गाल नीट बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा वाईट), दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, किंवा बोटांना लागणारे कडक पट्टे, यातलं काहीही असलं तर डेंटल ओपीडी गाठायची. सावंगीला शरद पवार डेंटल कॉलेज आहे, सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटल आहे. आपल्याला बसने जाता येतं, लोक इथे यवतमाळ-चंद्रपूरहून येतात. आरशात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, खाणाऱ्याने वर्षातून एकदा डेंटिस्टला दाखवलेलंच बरं.

मावशींचं सांगायचं राहिलं. त्या गेल्या. माझ्या सांगण्यावरून नाही. त्यांच्या गावातल्या आशाताई स्वतः आधी तपासून आल्या आणि मग तिघीचौघींना घेऊन गेल्या, म्हणून गेल्या. मी भाषण देऊन जे झालं नाही ते सोबतीने झालं. रिपोर्ट नॉर्मल आला, हे त्यांनी मला पोळ्या वाढता वाढता, कोणाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं.

रूममेटचं बायोप्सीत कॅन्सर निघालं नाही. खर्रा त्याने सोडला, म्हणजे तिसऱ्यांदा सोडला. परीक्षेत एकदा घसरला होता. गोळ्या सुरू आहेत, मधून मधून गालात इंजेक्शन घेतो, ते फार दुखतं म्हणतो. शिवाय तोंडाचा व्यायाम दिला आहे. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. काड्या धुऊन रूमच्या खिडकीत वाळत घातलेल्या असतात. सुरू केलं तेव्हा चौदा बसत होत्या. परवा सोळावी बसली, पण अर्धा मिनिटच.