कोरडा उष्मा आणि दमट उष्मा

उन्हाळा आला म्हणजे गावोगावचे कमाल तापमान दररोज जाहीर होते, आणि ज्या गावचा आकडा सर्वांत मोठा, तेथील लोकांचे हाल सर्वांत अधिक, असे आपण सहज धरून चालतो. परंतु मे महिन्यात जैसलमेरहून कोलकात्यास आलेल्या प्रवाशाचा अनुभव निराळा असतो. जैसलमेरला पारा 44 अंश सेल्सिअसवर असूनही सावलीत त्याचे अंग कोरडे होते. कोलकात्यास तो 34 अंशांवरच आहे, तरी जीव गुदमरतो आणि कपडे अंगाला चिकटतात. हे असे का होते?

मनुष्याच्या शरीरात उष्णता अखंड उत्पन्न होत असते. आतील तापमान 37 अंशांच्या आसपास राखावयाचे, तर ही उष्णता बाहेर टाकलीच पाहिजे. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान सुमारे 35 अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर काही उष्णता आपोआप हवेत जाते. हवा त्याहून तापली की उलट तीच शरीराला उष्णता देऊ लागते. मग मुख्य उपाय एकच उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो सुकला पाहिजे. जो घाम न सुकता अंगावरून ओघळतो, तो शरीरातील पाणी व मीठ घेऊन जातो, पण गारवा देत नाही.

घाम किती लवकर सुकेल, हे हवेत आणखी किती वाफ मावू शकते यावर बरेचसे अवलंबून असते. उदाहरणार्थ, 44 अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 62 ग्रॅम वाफ मावते. सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर तीत वाफ असते केवळ 9 ग्रॅम. अजून 53 ग्रॅमांना जागा आहे. हवा 34 अंशांवर असेल, तर मावणारी वाफच सुमारे 37.5 ग्रॅम. आर्द्रता 75 टक्के असल्यास त्यांपैकी 28 ग्रॅम आधीच भरलेली असते आणि जागा उरते जेमतेम साडेनऊ ग्रॅमांची. पहिली हवा मरुभूमीतील, दुसरी समुद्रकाठची.

हा फरक मोजण्याची रीत सोपी आहे व ती कोणत्याही शाळेत करून पाहता येते. दोन सारखे तापमापक सावलीत टांगावेत. एकाच्या फुग्याला ओले मलमलीचे फडके गुंडाळून दोहोंना पंख्याने वारा घालावा. पाणी सुकू लागताच ओल्या तापमापकाचा पारा खाली उतरतो. वरील पहिल्या हवेत तो सुमारे 23 अंशांपर्यंत उतरेल. दुसऱ्या हवेत मात्र 30 अंशांवरच थांबेल. वाळ्याचे ताटे लावलेला कूलर जैसलमेरला खोली गार करतो आणि मुंबईत नुसती ओल वाढवितो, त्याचे कारणही हेच होय.

ओल्या तापमापकाचा आकडा 35 अंशांवर गेला, तर सावलीत वाऱ्यावर बसलेला धडधाकट माणूसही फार तास तग धरू शकणार नाही, असा विचार स्टीव्हन शेरवूड व मॅथ्यू ह्यूबर यांनी 2010 साली मांडला. पुढे प्रत्यक्ष माणसांवर केलेल्या प्रयोगांत ही मर्यादा त्याहूनही खाली आढळली. भातशेतीत वा गोदीत राबणाऱ्या मजुराला आणि वृद्धांना तर बरेच आधी जपले पाहिजे.

याचा अर्थ कोरडा उष्मा निरुपद्रवी आहे, असा मुळीच नव्हे. राजस्थानातील फलोदी येथे 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमानाची नोंद झाली. अशा हवेत घाम दिसण्यापूर्वीच सुकतो. म्हणून आपण किती पाणी गमावले हे कळत नाही, आणि पाणी न मिळाल्यास शरीराचा हा एकमेव उपाय बंद पडतो. मरुभूमीला एक सवलत मात्र आहे. तेथे मे महिन्यात दिवसापेक्षा रात्र पंधरा अंशांच्या आसपास थंड होते. किनाऱ्यावरील मुंबईत हा फरक सहा-सात अंशांचाच असतो, आणि दिवसभर शिणलेल्या शरीराला रात्रीही विसावा मिळत नाही.

म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करताना सर्वत्र एकच माप लावीत नाही. कमाल तापमानाचा उंबरठा मैदानी प्रदेशात 40, किनाऱ्यावर 37 व डोंगराळ भागात 30 अंश धरला आहे. 1998 साली ओडिशात उष्णतेच्या लाटेने सुमारे दोन हजार माणसे दगावली. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेस तीव्र लाट आली; त्यानंतर 2013 साली त्या शहराने आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी व रुग्णालयांची सिद्धता यांची योजना अमलात आणली.

तेव्हा दोन गावांच्या उन्हाळ्याची तुलना करताना पारा किती चढला एवढेच विचारून भागणार नाही. घाम सुकतो काय, रात्र निवते काय आणि पाणी हाताशी आहे काय, हे तीन प्रश्नही विचारले पाहिजेत. श्रमाची वेळ, शाळेची वेळ आणि विसाव्याची वेळ त्यांच्या उत्तरांवरून ठरविणे, हेच शहाणपणाचे होय.