दाबसूचक दिव्याचा अर्थ

मोटारीस नवी चाके बसविताना टायर व रिम यांच्या मापांची चिकित्सा केली जाते. परंतु जुन्या चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्वला जोडून, जो लहानसा सेन्सर असतो त्याचे विस्मरण सहज घडते. टायरांच्या बिघाडामुळे झालेल्या प्राणघातक अपघातांनंतर अमेरिकेच्या काँग्रेसने २००० साली कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या मोटारींत दाबसूचक व्यवस्था अनिवार्य झाली. चिन्हांचा अभ्यास करणाऱ्यास ही व्यवस्था उद्बोधक वाटावी अशी आहे.

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. तो क्रमांक व हवेचा दाब या दोन गोष्टी तो रेडिओलहरींवरून, अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर, कळवितो. मोटारीतील ग्राहकयंत्र केवळ नोंदलेले क्रमांकच ओळखते. क्रमांक हे येथे विशेषनामच होय: त्यास अर्थ नाही, फक्त निर्देश आहे. म्हणून नव्या चाकांतील सेन्सर निर्दोष असूनही नोंदणीवाचून परकेच राहतात. काही मोटारींत थोडे अंतर चालविल्यावर नोंदणी आपोआप होते, काहींत त्यासाठी वेगळे उपकरण लागते.

सेन्सर नसलेली चाके बसविल्यास काय होते? दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के घटला की दिवा स्थिरपणे लागतो. व्यवस्थाच बिघडली असेल, तर तोच दिवा प्रथम ६० ते ९० सेकंद लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. (बिघाडासाठी निराळा दिवा ठेवण्याची मुभा उत्पादकांस आहे, तथापि एकाच दिव्यावर भागविण्याची पद्धत रूढ आहे.) दोन्ही अर्थांतील भेद केवळ त्या आरंभीच्या मिनिटात सामावलेला असतो. ते मिनिट नजरेआड झाले की दोन्ही वाक्ये समरूप होतात. याहून गंभीर गोष्ट अशी की बिघाडामुळे सतत जळणारा दिवा दाब घटल्याचे सांगूच शकत नाही. दिव्याला अर्थ येतो तो त्याच्या न लागण्याशी असलेल्या विरोधातून. अभावालाही व्याकरणात स्थान देणाऱ्या पाणिनीच्या लोपसंज्ञेचे येथे स्मरण व्हावे.

ही कटकट टाळण्यासाठी काही हौशी मोटारमालकांनी एक युक्ती योजिली आहे. जुने सेन्सर प्लॅस्टिकच्या नळीत घालून, नळीत योग्य दाबाची हवा भरून, ती मोटारीच्या डिकीत ठेवावयाची! काही मोटारींत दिवा त्यामुळे विझतो. येथे क्रमांक ओळखीचा, दाब अचूक, वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध. पण विधान चाकाविषयी नसून नळीविषयी असते. ही युक्ती चातुर्याची खरी, परंतु जळत्या दिव्यापेक्षा अधिक घातक. कारण जळता दिवा निदान आपले अज्ञान लपवीत नाही.

चालू असलेली व्यवस्था जाणूनबुजून निकामी करण्यास अमेरिकेत दुरुस्तीच्या व्यावसायिकांस मनाई आहे. मालकास ती लागू नाही. यास्तव जुने सेन्सर नव्या रिममध्ये हलविणे किंवा नवे घेऊन नोंदविणे हाच मार्ग उरतो. मात्र सेन्सरची विद्युत्घटिका सामान्यतः ५ ते १० वर्षे टिकते. ती संपत आली असेल, तर हलविण्याचे श्रम व्यर्थ ठरतात.

ज्या मोटारींत चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून दाबाचे अनुमान काढले जाते, तेथे चाकात सेन्सर नसतो व नोंदणीही नसते. नव्या चाकांत हवा नीट भरून यंत्राची पुनःस्थापना तेवढी करावी लागते. हा क्रम पाळणे आवश्यक आहे; कारण त्या क्षणी टायरांची जी स्थिती असेल, तीच यंत्र प्रमाण मानते.