अतिसंवाहक द्रव्यांतील उष्णतेची वाट

उकळत्या पाण्यांत तांब्याची पळी कांहीं वेळ ठेवली, तर तिचा दांडा हातांत धरवत नाहीं. लांकडी दांडा मात्र धरतां येतो. तांबें विजेचें उत्तम वाहक, तसेंच उष्णतेचेंहि. कारण धातूंतील मोकळे इलेक्ट्रॉन हीं दोन्ही ओझीं वाहून नेतात. याशिवाय अणूंचीं कंपनेंहि उष्णता पुढें ढकलतात; लांकडांत हा एकच मार्ग असतो.

मग ज्या द्रव्यांत विजेला मुळींच अडथळा नाहीं, तें उष्णतेचेंहि सर्वोत्तम वाहक असावें, असें आपणांस वाटेल. प्रत्यक्षांत तसें घडत नाहीं. तें कां, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

१९११ सालीं हॉलंडमधील लायडन येथें कामरलिंग ओनेस यांस आढळलें कीं, पारा उणें २६९ अंश सेल्सिअसला विजेचा सर्व विरोध टाकतो. यासच अतिसंवाहकता म्हणतात. १९८६ सालीं स्वित्झर्लंडमध्यें बेडनॉर्झ व म्युलर यांनीं, मातीच्या भांड्यांप्रमाणें भाजून केलेल्या ताम्रयुक्त द्रव्यांत हाच गुण पुष्कळ अधिक तपमानास दाखविला. दुसऱ्याच वर्षीं सांपडलेल्या इट्रियम, बेरियम व तांबें यांच्या ऑक्साइडांत तो उणें १८० अंशांच्या सुमारासच प्रकट होतो.

अशा अवस्थेंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें चालतात. जोडी वीज नेते, उष्णता नेत नाहीं. तें काम सुट्या इलेक्ट्रॉनांकडे व कंपनांकडे राहतें. नवल असें कीं, या ताम्रयुक्त द्रव्यांत अतिसंवाहकता येतांच उष्णतावहन प्रथम वाढतें. कारण गर्दी ओसरल्यानें परस्परांस बसणाऱ्या धडका कमी होतात. थंडी आणखी वाढली कीं वाहणारेच थोडे उरतात व तें घटत जातें. सर्वांत वाढलें असतांहि तें शुद्ध तांब्याच्या मानानें अल्पच असतें.

ही उणीवच उपयोगी पडते. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेचें कणवेगवर्धक यंत्र २००८ सालीं सुरू झालें. तें चालतांना त्यांतील चुंबक उणें २७१ अंशांवर ठेवावे लागतात, व त्यांस १३,००० अँपिअरपर्यंत प्रवाह पुरवावा लागतो. तो केवळ तांब्यानें नेला, तर त्याच वाटेनें ऊब शिरून मोलाच्या द्रव हेलियमची वाफ होईल. म्हणून वाटेच्या थंड भागांत बिस्मथयुक्त अतिसंवाहक योजिला आहे. त्याचें वेष्टण चांदीचें. परंतु चांदी उष्णता फार वाहते, यास्तव तींत थोडें सोनें मिसळून तिचा तो गुण मुद्दाम कमी केला आहे.

विद्यार्थ्यांनीं यावरून ध्यानीं धरावें कीं, दोन गुण नेहमीं सोबत दिसले, तरी ते एकच आहेत असें पारखल्यावांचून मानूं नये.