एक जानेवारीला जन्मलेले लेखक

आपल्याकडे एका पिढीतल्या माणसांना जन्मतारीख विचारली, की पुष्कळदा '१ जून' हे उत्तर मिळतं. घरात तारीख लिहून ठेवायची पद्धत नव्हती. शाळेत नाव घालायला नेलं, की गुरुजी मुलाकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि १ जून लावून मोकळे व्हायचे. साल अंदाजाचं, दिवस सोयीचा. हे ठाऊक असलेला माणूस त्या तारखेवर फार भार टाकत नाही.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयासाठी मी मराठी लेखकांच्या जन्मदिवसांची दिनदर्शिका करत होतो. माहिती विकिडेटावरून घ्यायची आणि पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून बारा महिन्यांत वाटायची, एवढं साधं काम होतं. पहिला कागद छापून हातात घेतला, तर १ जानेवारीच्या चौकटीत नावं मावत नव्हती. आसपासच्या दिवशी एखाद-दुसरं नाव आणि वर्षाच्या पहिल्याच दिवशी ही गर्दी! माहिती चुकीची असेल म्हणून मी मूळ नोंदी उघडल्या. तिथे सगळं बरोबर होतं: फक्त साल लिहिलेलं होतं, दिवस नव्हता. १ जानेवारी लावली होती ती मधल्या प्रवासात, आणि ती ओळखायची खूण मी स्वतःच मागितली नव्हती.

या लेखाचा विषय तोच आहे. अर्थजालातल्या माहितीसाठ्याला प्रश्न विचारणं आता सोपं झालं आहे. आलेलं उत्तर प्रोग्रॅममध्ये नीट हाताळणं हे खरं काम आहे.

तीन शब्दांचं वाक्य

टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह मे २००१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये 'सिमँटिक वेब'ची, म्हणजे अर्थजालाची कल्पना सर्वसामान्य वाचकांपुढे मांडली. वेबवरची पानं माणसांना वाचता येतात; त्यातला अर्थ यंत्रालाही कळेल अशा रीतीने माहिती लिहावी, हे त्या कल्पनेचं सार. त्यासाठीची लिहिण्याची रीत, आरडीएफ, १९९९ मध्येच डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारली होती.

आरडीएफमध्ये प्रत्येक विधान तीन तुकड्यांचं असतं. 'कुसुमाग्रज – जन्मस्थान – पुणे' हे एक विधान. 'कुसुमाग्रज – जन्मदिनांक – २७ फेब्रुवारी १९१२' हे दुसरं. याला ट्रिपल म्हणतात. अशी असंख्य विधानं एकमेकांत गुंतली, की माहितीचं जाळं तयार होतं. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेला विकिडेटा हे अशा जाळ्याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. त्यात आज दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत. नावांचा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. मराठी भाषा म्हणजे क्यू १५७१, महाराष्ट्र म्हणजे क्यू ११९१, मुंबई म्हणजे क्यू ११५६. जन्मदिनांक या गुणधर्माचा क्रमांक पी ५६९.

या जाळ्याला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे स्पार्कल. ती २००८ मध्ये प्रमाण झाली आणि २०१३ मध्ये तिची १.१ ही आवृत्ती आली. तिची युक्ती समजायला सोपी आहे. आपण तीन तुकड्यांचंच वाक्य लिहायचं आणि जे ठाऊक नाही तिथे प्रश्नचिन्ह लावलेलं नाव ठेवायचं. 'लेखक कोण ते सांग, ज्याला ज्ञानपीठ मिळालं आहे आणि जो मराठीत लिहितो' असं विचारलं, तर वि. स. खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४) ही चार नावं यायला हवीत.

उत्तराचं पुडकं उघडताना

उत्तर अनेक रूपांत मागता येतं: एक्सएमएल, जेसन, सीएसव्ही, टीएसव्ही. एक्सेलची सवय असलेला माणूस सीएसव्ही मागतो, कारण ते लगेच तक्त्यासारखं दिसतं. पण सीएसव्हीमध्ये फक्त मजकूर उरतो. तो मजकूर कुठल्या भाषेतला, ती संख्या आहे की तारीख, तो पत्ता आहे की नुसतं अक्षर, हे सगळं गळून पडतं. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने शक्यतो जेसन मागावं.

जेसन उत्तराचे दोन भाग असतात. पहिला 'हेड', त्यात आपण विचारलेल्या रकान्यांची नावं. दुसरा 'रिझल्ट्स', त्याच्या पोटात 'बाइंडिंग्ज' नावाची यादी आणि यादीतली प्रत्येक वस्तू म्हणजे उत्तराची एक ओळ. पायथनमध्ये हे सगळं डिक्शनरी आणि लिस्ट होऊन हातात येतं. नवशिक्याला वाटतं, की ओळीतल्या 'लेखक' या रकान्यात सरळ 'कुसुमाग्रज' असेल. तिथे असतं एक लहानसं पुडकं. त्यावर प्रकार लिहिलेला असतो: लिटरल, म्हणजे साधं मूल्य. मूल्य: कुसुमाग्रज. भाषा: एमआर, म्हणजे मराठी. दुसऱ्या रकान्यात प्रकार 'यूआरआय' असेल, म्हणजे ते मूल्य दुसऱ्या नोंदीचा पत्ता आहे. तिसऱ्यात मूल्याबरोबर डेटाटाइप असेल: पूर्णांक, दशांश, तारीख.

घाईत आपण फक्त मूल्य उचलतो आणि पुडक्याचा कागद फेकून देतो. बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. लोकसंख्येचा आकडासुद्धा जेसनमध्ये अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून येतो. तो पूर्णांकात न बदलता गावं लोकसंख्येने क्रमाला लावली, तर ९०० वस्तीचं गाव १०,००० वस्तीच्या गावाच्या वर जाऊन बसतं, कारण अक्षरांच्या हिशेबात ९ हा १ पेक्षा मोठा.

रिकामा रकाना, फुगलेल्या ओळी

समजा एखाद्या लेखकाचं जन्मगाव नोंदलेलंच नाही आणि ते 'असेल तर दे' असं आपण स्पार्कलला सांगितलं आहे. त्याच्या ओळीत जन्मगावाचा रकाना रिकामा येत नाही. तो मुळी नसतोच. सरळ नावाने हात घातला, की पायथन चूक दाखवून थांबतो. म्हणून डिक्शनरीची 'गेट' ही सोय वापरावी आणि रकाना नसेल तेव्हा काय करायचं हे आधी ठरवावं. ही चाचणी प्रत्येक रकान्यासाठी लिहायचा कंटाळा करू नये.

दुसरी अडचण ओळी वाढण्याची. कुसुमाग्रजांच्या नोंदीत कवी, नाटककार, कादंबरीकार असे तीन व्यवसाय आणि साहित्य अकादमी, ज्ञानपीठ, पद्मभूषण असे तीन पुरस्कार आहेत असं धरू. एकाच प्रश्नात व्यवसायही मागितला आणि पुरस्कारही, तर प्रत्येक व्यवसायाची प्रत्येक पुरस्काराशी जोडी लागते आणि कुसुमाग्रज नऊ ओळींत येतात. ओळी मोजून 'इतके लेखक सापडले' असं लिहिणारा इथे फसतो. माणसं मोजायची तर क्यू क्रमांक मोजावेत. नऊ ओळींची एक करायची तर स्पार्कलमध्येच गट पाडून मूल्यं एकत्र जोडून घ्यावीत, किंवा पायथनमध्ये क्रमांकाला किल्ली करून व्यवसाय आणि पुरस्कार वेगवेगळ्या संचांत साठवावेत.

तारखांचा गुंता

आता पुन्हा १ जानेवारीकडे. विकिडेटात प्रत्येक तारखेला अचूकतेचा अंक जोडलेला असतो: ९ म्हणजे फक्त साल ठाऊक, १० म्हणजे महिन्यापर्यंत, ११ म्हणजे दिवसापर्यंत. पण स्पार्कलच्या सरळ प्रश्नाला उत्तर देताना तारखेचा साचा पूर्ण भरावा लागतो, म्हणून नुसतं साल असेल तिथे १ जानेवारी भरली जाते. अचूकतेचा अंक दुसऱ्या वाटेने, तारखेच्या संपूर्ण नोंदीपर्यंत जाऊन मागावा लागतो. मी ती वाट घेतली नव्हती. दोन ओळी वाढवल्या, अंक ११ नसलेल्या तारखा बाजूला काढल्या आणि १ जानेवारीची गर्दी ओसरली.

तारखेच्या जागी कधी चक्क पत्ता येतो. 'जन्म झाला हे नक्की, पण केव्हा ते अज्ञात' अशी नोंद असली, की विकिडेटा तिथे एक तात्पुरती खूण देतो आणि तिचा प्रकार यूआरआय असतो. पुडक्यावरचा प्रकार न वाचता ती तारीख म्हणून वाचायला गेलेला प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

महाराष्ट्राच्या इतिहासाचं काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ चा. त्याची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन पंचांगाची आहे. विकिडेटाच्या आरडीएफ रूपात दिवसापर्यंत अचूक असलेली ज्युलियन तारीख ग्रेगोरियन करून दिली जाते. त्यामुळे ज्युलियन म्हणून नोंदवलेली १९ फेब्रुवारी उत्तरात १ मार्च १६३० होऊन येते. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. मूळ पंचांग कोणतं, हेही त्या संपूर्ण नोंदीतच लिहिलेलं असतं. ते न वाचता कुणी '१ मार्च' छापलं, तर वाद पेटायला वेळ लागणार नाही.

पायथनमध्ये तक्त्यांचं काम बहुतेक जण पँडासने करतात. त्याची नॅनोसेकंदांवर बेतलेली तारीख १६७७ ते २२६२ या सालांतच मावते. म्हणजे शिवजन्म त्यात बसत नाही आणि १६७४ चा राज्याभिषेकही नाही. 'चुकीची तारीख आली तर रिकामी कर' असा पर्याय दिलेला असला, तर या तारखा कुठलीही सूचना न देता नाहीशा होतात. पायथनची स्वतःची तारीख इसवी सन १ पासून सुरू होते. सातवाहनांचे इसवी सनापूर्वीचे राजे तिथेही बाहेर राहतात. अशा कामात साल, महिना, दिवस हे तीन वेगळे पूर्णांक म्हणून ठेवणं सगळ्यांत सुरक्षित.

मुंबई उत्तर ध्रुवाकडे

जागेचं अक्षांश-रेखांश मागितलं, की उत्तरात 'पॉइंट' हा शब्द आणि कंसात दोन आकडे येतात. पहिला आकडा रेखांशाचा, दुसरा अक्षांशाचा. आपल्याला शाळेपासून सवय अक्षांश आधी म्हणायची, आणि नकाशा काढणारी अनेक साधनंही अक्षांश आधी मागतात. मुंबईचे आकडे साधारण ७२.८ आणि १८.९. ते आहेत त्या क्रमाने पुढे ढकलले, तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात जाऊन पडते. नकाशा काढल्यावर ओळखीचं एक तरी ठिकाण डोळ्यांनी तपासावं, ते यासाठी.

मराठी असेल तर

स्पार्कलमध्ये नावं कोणत्या भाषेत हवीत ते क्रमाने सांगता येतं: आधी मराठी, नसेल तर हिंदी, नसेल तर इंग्रजी. यातल्या कुठल्याच भाषेत नाव नसेल, तर नावाच्या जागी क्यू क्रमांक येतो. सोय चांगली आहे, पण पुडक्यावरची भाषेची खूण वाचली नाही, तर मराठी यादीत हिंदी लेखनाची नावं मिसळतात आणि लिपी एकच असल्याने सहज लक्षात येत नाहीत.

लिपीच्या पोटातही एक खाच आहे. 'कऱ्हा' हे नदीचं नाव घ्या. त्यातला ऱ एका संकेतांकाने लिहिता येतो, र आणि खालचा नुक्ता असा दोन संकेतांकांनी लिहिता येतो, आणि साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही ते नाव उमटवता येतं. कागदावर तिन्ही सारखी दिसतात. यंत्राला तीन नद्या वाटतात. यूनिकोडचं सामान्यीकरण पहिल्या दोन रूपांना एक करतं. तिसरं आपल्याला स्वतः बदलून घ्यावं लागतं. आणि यादी अकारविल्हे लावताना यूनिकोडचा क्रम आंधळेपणाने घेऊ नये. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो.

शेवटचं काम

विकिडेटाची प्रश्नसेवा सगळ्यांसाठी मोफत आहे, म्हणून ती जपून वापरावी. एका प्रश्नाला साठ सेकंदांची मर्यादा असते. प्रोग्रॅमने आपली ओळख सांगावी, 'थांबा' असा संकेत आला तर थांबावं, आणि आलेलं मूळ उत्तर तारखेसह फाइलमध्ये ठेवून पुढचं सगळं काम त्या फाइलवर करावं. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारायची गरज उरत नाही, आणि चूक सापडली तर ती उत्तरात होती की आपल्या हाताळणीत, हेही तपासता येतं.

मी आता पुडकं उघडण्याचं एकच छोटं फंक्शन लिहून ठेवलं आहे. ते आधी रकाना आहे का पाहतं, मग प्रकार, मग डेटाटाइप, मग भाषा, आणि शेवटी मूल्य देतं. वीसेक ओळींचं हे फंक्शन प्रत्येक कामात पहिल्यांदा घालतो. माहितीबरोबर तिच्याविषयीची माहितीही आलेली असते. ती सांभाळणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं कर्तव्य आहे.

वाचनालयाच्या दिनदर्शिकेत आम्ही शेवटी एक जादा पान घातलं: 'साल ठाऊक, दिवस नाही'. १ जानेवारीचे बहुतेक लेखक त्या पानावर गेले. त्यांचे खरे दिवस कुठे तरी लिहिलेले आहेत: एखाद्या जुन्या स्मरणिकेत, गौरवग्रंथात, शताब्दीच्या विशेषांकात, कदाचित तुमच्या घरच्या कपाटात. तसं काही हाती लागलं, तर विकिडेटावर जाऊन ती तारीख आधारासह भरा, आणि तिथे असताना आपल्या गावाचं नाव मराठीत लिहिलेलं आहे का तेही पाहा. ते पाच मिनिटांचं काम आहे.